शेजारणीचं नाव

मी माइक बोलतोय. खरं तर हे वाक्य मला शोभत नाही, कारण आजवर मी माझं असं काहीच बोललो नाही. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं आणि तारेतून पुढं धाडायचं, एवढंच माझं काम. आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगतोय, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. डोक्याला लोखंडी जाळी आणि पोटात एक पातळ पडदा, नुसता श्वास लागला तरी थरथरणारा. तपासणाऱ्या कामगारानं माझ्यासमोर खोकून पाहिलं, मान डोलावली आणि मला पेटीत घातलं. पेटी उघडली ती रेडिओ केंद्राच्या खोलीत. कागदांची सळसळ होऊ नये म्हणून टेबलावर जाड कापड, समोर मोठी काच आणि काचेपलीकडे बटणांवर हात ठेवून बसलेला तंत्रज्ञ.

माणसांची एक गंमत मला तिथं कळली. कुणी बघणार नसतं, तरी माझ्यासमोर बसण्याआधी सगळे केस सारखे करतात. आणि प्रक्षेपण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला की त्यांची नावं बदलतात. सकाळी ‘गमत्या’ म्हणून गावाला हसवणारा माणूस दिवा विझला की तोंडातून ब्र काढत नसे. ‘ताऱ्यांचा सोबती’ तर कार्यक्रम संपायच्या आधीच पेंगायचा.

दुपारचा कार्यक्रम ‘शेजारणी’चा. “काय चाललंय? मी शेजारीण, डोकावले जरा,” असं म्हणून ती सुरुवात करायची. मग फोनवर गप्पा आणि फर्माईश केलेली गाणी. शिवणकाम करणाऱ्या, अंथरुणाला खिळलेले, दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघणारे, सगळे तिच्याशी बोलायचे.

पण हे नाव केंद्राचं होतं. पहिली शेजारीण गेली तेव्हा दुसरी गुपचूप तिच्या खुर्चीत बसली. त्याचीही एक रीत होती. नवी आधी फक्त शेवटचं वाक्य बोलायची, मग एखादं गाणं सांगायची, मग अर्धा कार्यक्रम. दुधात पाणी मिसळावं तसा आवाज मिसळत न्यायचा. जुनीला निरोपाचा एक शब्दही बोलायची मुभा नव्हती. ऐकणाऱ्यांच्या लेखी शेजारीण तीच होती.

मी सांगतोय ती दुसऱ्या शेजारणीची गोष्ट. तिचे केस माझ्यासमोरच पांढरे झाले. तिच्यानंतरची मुलगी तयार होत होती, तेव्हाची ही गोष्ट.

एके दिवशी कार्यक्रमाआधी ती तंत्रज्ञाला दवाखान्यातली फजिती सांगत होती. आतून नाव पुकारत होते आणि ही आपली मासिक चाळत बसलेली. चार पेशंट पुढं गेले. शेवटी मदतनीस बाहेर येऊन नाव घेऊन विचारू लागली, की अहो, या नावाचं कुणी आहे की गेल्या निघून?

“मीही इकडंतिकडं बघतेय, कोण बाई एवढी बहिरी म्हणून,” ती म्हणाली. “मग ट्यूब पेटली. अगं बाई, ही तर मीच.”

तंत्रज्ञ पोट धरून हसला. तीही हसली. मग कप खाली ठेवून म्हणाली, “सासरी सगळ्यांची वहिनी, मुलांची आई, ह्यांची नुसती ‘अगं’. इथं शेजारीण. माझं नाव घेणारी माझी आई होती, ती गेली. आता मलाच ते परकं वाटायला लागलंय.”

त्या दिवसापासून तिनं एकच ध्यास घेतला. शेवटच्या दिवशी एकदा, फक्त एकदा, आपलं नाव रेडिओवर सांगायचं. ती केंद्राच्या साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. ते तिला समजावायला स्टुडिओत आले, म्हणून मलाही ऐकायला मिळालं.

“ताई, लोक शेजारणीला घरातलं सांगतात,” ते म्हणाले. “ती मधेच बदलते असं कळलं, तर उद्या कोण मन मोकळं करेल? या पोरीला पहिल्याच दिवशी उघडं पाडाल.”

नवी मुलगी तिथंच उभी होती. तिनं मान खाली घातली. ताईंनी तिच्याकडे पाहिलं. त्याही अशाच आल्या होत्या ना.

शेवटचा दिवस उजाडला. तंत्रज्ञानं आत येऊन माझी मान सारखी केली आणि हळूच म्हणाला, “ताई, आज मी चहा जरा सावकाश पिणार आहे. आवाज बंद करायच्या बटणापर्यंत माझा हात पोचायचा नाही. तुम्हाला काय बोलायचं ते बोला.”

कार्यक्रम संपत आला. ताईंनी मोठा श्वास घेतला. तो माझ्या पडद्यावर आदळला, आणि मला कळलं, आता येतंय नाव. तेवढ्यात शेवटचा फोन लागला. एक म्हातारे गृहस्थ होते. हेडफोनमधून झिरपणारा त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

ते म्हणाले, “शेजारीणबाई, कार्यक्रम नवा होता तेव्हा बायको होती, आम्ही दोघं तुम्हाला ऐकायचो. आता मी एकटाच ऐकतो. सगळं बदललं बघा, तुमचा आवाज तेवढा आहे तसाच आहे.”

त्यांची बायको ऐकायची ती पहिली शेजारीण. ताईंना ते ठाऊक होतं. घेतलेला श्वास त्यांनी हळूहळू सोडून दिला. “आहे ना मी,” त्या म्हणाल्या. “चला, निघते. उद्या डोकावेन.” लाल दिवा विझला. माझ्या जाळीवर क्षणभर बोटं टेकवून त्या निघून गेल्या. तंत्रज्ञाचा चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी नवी मुलगी एकटी बसली. सुरुवात झकास झाली. पहिला फोन घेताना तंत्रज्ञ काचेपलीकडे एकदम उभाच राहिला. फोन करणाऱ्यानं संपूर्ण नाव सांगायचं आणि शेजारणीनं ते पुन्हा म्हणायचं, असा साहेबांचाच दंडक होता. साहेब तेव्हा त्याच्या पाठीमागंच उभे होते.

“नमस्कार, मी शेजारीण. आपलं नाव?”

पलीकडून एक ओळखीचा श्वास ऐकू आला, आणि नाव आलं. स्वतःचं, वडिलांचं आणि त्यांच्या घराण्याचं. आईनं हाक मारावी तसं, घाई न करता.

मुलीचे डोळे भरले, आवाज मात्र स्थिर राहिला. तिनं ते नाव एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, आणि मीही माझ्या आयुष्यात काही इतकं जपून पुढं नेलं नव्हतं.

“कुठून बोलताय?”

“इथनंच. शेजारून.”

“गाणं कुणासाठी लावू?”

“आज माझ्यासाठीच लावा,” ताई म्हणाल्या.

गाणं संपेपर्यंत साहेब तिथून हलले नाहीत.

आता माझ्या जागी सडपातळ नवा माइक आहे. माझा पडदा सैल झाला, म्हणून मला केंद्राच्या दारातल्या काचेच्या कपाटात ठेवलंय. येणारेजाणारे विचारतात, शेजारीण यावरच बोलायची का, तिचं खरं नाव काय होतं? ते नाव मी सांगणार नाही. ज्यांनी त्या दुपारी ऐकलं, त्यांच्यापर्यंत ते पोचलंय, आणि ते सांगायचा हक्क तिचा आहे.

तुम्हाला मात्र एक विनंती. घरी गेलात की, जिला तुम्ही नुसतं ‘अगं’ म्हणता, तिला एकदा नावानं हाक मारा. पहिल्या हाकेला कदाचित ओ येणार नाही. पुन्हा एकदा मारा.