कुवेतच्या सुया

अर्नाळ्याच्या सिप्रियनला १९९८ साली थोरल्या बहिणीने, क्लेमेंटीनने, आपली एक किडनी दिली. तेव्हापासून ती त्याला डोळ्यांत तेल घालून जपायची. बाई नर्स. गावात कुणाला सुई टोचायची असली की तिलाच बोलावणं यायचं.

ऑपरेशननंतरच्या गोळ्यांनी किडनी टिकली, पण माणूस मेटाकुटीला आला. सर्दी गेली की खोकला, खोकला गेला की ताप. होडी किनाऱ्यावर पडून राहिली.

अशात त्याच्या बायकोच्या, कॅथरिनच्या भावाने कुवेतहून बारा सुया पाठवल्या. आतला कागद कुठल्याशा परक्या भाषेत. ताकदीचं औषध, एवढंच त्याने फोनवर सांगितलं होतं. क्लेमेंटीनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"डॉक्टरला विचारू आधी."

"तो मेला केळंपन विचारून खा म्हनतो!" कॅथरिन उसळली. "बाय, कुवेतचं हाय ते!"

झालं! कुवेतहून आलेल्या साबणाच्या वडीवरही या गावात कुणी शंका घेत नाही. नर्स असून बाईनेही सुई हातात घेतली.

दर रविवारी चर्चमधला मिस्सा झाला की ती सुई द्यायची. तिसऱ्या रविवारी खोकला पळाला. पाचव्याला गडी जाळं विणायला बसला, दोन भाकऱ्या जास्त खाऊ लागला. घर आनंदलं. क्लेमेंटीनला मात्र हे बरं होणं भलतंच घाईचं वाटत होतं.

सहाव्या आठवड्यात त्याचे पाय सुजले. तिने बोट दाबलं, खड्डा तसाच राहिला. लघवीही कमी झाली होती. तिने त्याला तडक मुंबईला नेलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी सुईवरचं नाव वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"वासराच्या छातीतल्या थायमस ग्रंथीतून काढलेली पेप्टाइडं आहेत ही, प्रथिनांचे बारके तुकडे. परक्यावर तुटून पडणाऱ्या टी-पेशी याच ग्रंथीत तयार होतात, आणि हे तुकडे त्यांना चेव आणतात. आम्ही गोळ्या देऊन त्यांना झोपवून ठेवलं होतं हो! त्या जाग्या झाल्या. आधी खोकल्यावर धावल्या, आता किडनीवर. शरीराला ती परकीच ना."

"किडनी वाचेल?"

"कठीण आहे. कुणी टोचल्या या?"

 क्लेमेंटीन तशीच वॉर्डात गेली. सिप्रियनचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते, तरी तिला पाहून तो हसला.

"बाय, हितल्या पोरींना सुई टोचता येत न्हाय," तो म्हणाला. "कुवेतची उरलेली तूच दे. तुझ्या हाताला गुन हाय."