उजेडाच्या पैजेतला कोंबडा

मी कुंडलच्या बाळासोंच्या अंगणातला कोंबडा. तुरा लाल, शेपूट काळं, आणि आवाज विचाराल तर तिसऱ्या गल्लीपर्यंत जातो. तुमच्यातले कितीतरी जण मोबाइलच्या घंटेवर उठतात, त्यांना मी काही बोलत नाही. कोंबडा पाळायचं ज्यांच्या नशिबी नाही, त्यांनी मोबाइल ठेवावा.

माझा जन्म इथलाच, गोठ्यामागच्या खुराड्यातला. माझी भावंडं मांजरानं नेली, मी तेवढा उरलो. सुलाबाईंनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, मला ज्वारीच्या कण्या घालून वाढवलं. त्यांची माझ्यावर माया आहे. पण ती माया चुलीपासून फार लांब नाही, हे मी कधी विसरत नाही.

बाळासो फौजेतून रिटायर झालेले. त्यांना एकच नाद. लोकांनी पूर्वी घरातली लग्नं, बारशी टिपून ठेवलेल्या फिल्मा आणि त्या दाखवायची जुनी मशीनं गोळा करायची. या नादातले त्यांचे दोन जोडीदार आहेत, वडूजचे नाथाजी आणि पाचगणीला लॉज चालवणारे जयराज. तिघं अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमतात. जमले की फिल्म राहते बाजूला आणि कुणाचं मशीन किती उजेड पाडतं याच्याच बाता सुरू होतात. कोंबडे फुशारकी मारतात म्हणे. एकदा या तिघांना ऐका.

मागच्या उन्हाळ्यात एका रात्री ते आमच्या अंगणात जमले. सुलाबाईंची पांढरी चादर दोरीवर ताणून पडदा केला होता.

"माझं मशीन लावलं की भिंतीवरली पाल सावलीला जाती," नाथाजी म्हणाले.

"तुझं काय घिऊन बसलास गड्या. आमच्या हिनं पडद्याम्होरं पापड वाळवलं," जयराज म्हणाले. "आन् ह्या बाळासोचं? ते चालू हाय का बघायला बॅटरी मारावी लागती."

हे मात्र खरं होतं. बाळासोंच्या मशीनचा उजेड म्हणजे देवघरातली समई. पण खरं बोललेलं माणसाला जास्त झोंबतं. बाळासो तापले आणि मला खुराड्यातून काढून बाजेच्या पायाला बांधलं.

"ज्याच्या उजेडात ह्यो कोंबडा पहाट झाली म्हणून आरवंल, त्येचं मशीन खरं."

"आन् न्हाई आरवला तर?"

"तर ह्येचाच रस्सा," बाळासो बोलून गेले. फौजी माणूस, एकदा दिलेला शब्द मागं घेत नाही. थोड्या वेळानं आतून खोबरं भाजल्याचा वास यायला लागला.

आता तुम्ही म्हणाल, मग आरवायचं की, तुझ्या बापाचं काय जातंय? मीही तेच ठरवलं होतं. एरवी मी बल्बला पहाट म्हणणारा नव्हे, पण गळ्याशी आल्यावर कसली आलीय घराण्याची अब्रू. घोळ एवढाच झाला की भीतीनं घसा पार कोरडा पडला. तोंड उघडलं तरी नुसती हवा यायची.

आधी जयराजनी मशीन लावलं. सगळी चादर पांढरीफटक झाली. चित्र काही दिसेना.

"ह्यात हाय काय?" नाथाजींनी विचारलं.

"मेव्हण्याचं लगीन."

"नवरा कुठाय?"

"नवऱ्याचं काय करतोस? उजेड बघ की."

माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. आवाज नाहीच.

मग नाथाजींची पाळी. त्यांनी भाच्याच्या जावळाची फिल्म आणली होती. न्हावी वस्तरा घेऊन बाळाजवळ आला आणि तेवढ्यात फिल्म अडकली. त्या तापलेल्या दिव्यापुढं थांबली की ती जळणारच. बाळाच्या टाळूवर भोक पडलं आणि ते वाढत गेलं. न्हाव्याच्या आधी दिव्यानंच जावळ काढलं. नाथाजी फुंकर मारत सुटले आणि सुलाबाई आतून सुरी घेऊन ओट्यावर आल्या. मी मनातल्या मनात सगळ्या कोंबड्यांचा निरोप घेतला.

शेवटी बाळासोंनी आपली समई लावली. अंधुक का होईना, पण चित्र दिसलं. हेच अंगण होतं. नवी नवरी दाणे टाकत होती आणि लाजून कॅमेऱ्याकडं पाठ करत होती. ओट्यावरच्या सुलाबाई जागीच थांबल्या, कारण नवरी त्याच होत्या. दाण्यांवर कोंबड्या धावल्या आणि त्यांच्यामागून तो आला.

केवढा तुरा, काय छाती. माझ्या अंगणात, माझ्या कोंबड्यांत उभा राहून त्यानं मान ताणली, माझ्याकडं बघून चोच उघडली आणि आरवला. फिल्म मुकी, आवाज काहीच आला नाही, पण असला उद्धटपणा मी कुणाचा ऐकून घेत नाही. माझं भय कुठल्या कुठं गेलं. मी असा आरवलो की शेजारच्या धोंडुबाई टीव्हीसमोरची डुलकी सोडून झाडू घेऊन अंगणात आल्या.

नाथाजींनी टोपी काढली. "जितलास रं बाळासो. ह्या काजव्याला कोंबडा पहाट म्हंतोय म्हंजे लय झालं."

बाळासोंची छाती माझ्याहून फुगली. सुलाबाई मात्र अजून चादरीकडंच बघत होत्या.

"आवं," त्या म्हणाल्या, "ह्यो कोंबडा त्याच दिशी सांजच्याला तुमच्या पाव्हण्यास्नी घातला की."

त्यांनी सुरी नेऊन ठेवली आणि सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली.

तेव्हापासून मंडळी जमली की ती फिल्म लागतेच. तो मान ताणतो, चोच उघडतो आणि मी आरवतो. त्यांना वाटतं मी उजेडाला फसतो. वाटू दे. त्या गड्याचं शेवटचं आरवणं कुणाला ऐकूच येत नाही, म्हणून त्याच्या वाटणीचं मी आरवतो. पहिल्या दिवशी भांडायला आरवलो होतो. आता तो येईपर्यंत मला करमत नाही.

पण काल नाथाजी बाळासोंसाठी भेट म्हणून एक मोठा बल्ब घेऊन आलेत. येत्या रविवारी तो मशीनला बसवणार आहेत. तुमच्यापैकी कुणी त्यांच्या ओळखीचं असेल तर हात जोडून एवढंच सांगा, तो बल्ब लावू नका. त्या बिचाऱ्याचा एकदा रस्सा झालाय, दुसऱ्यांदा करू नका.