आकड्याला लागलेली अळी

तात्यासाहेबांची अट एका वाक्याची होती. वाघोडिया रोडवरच्या प्लॉटवर जोडघर बांधायचं, तर दोन्ही सुनांचे भाग सारखे हवेत. एका सुताचा जरी फरक निघाला, तरी त्यांची सही मिळणार नाही आणि सगळ्यांनी आहे त्याच फ्लॅटमध्ये, आहे त्याच एका स्वयंपाकघरात राहायचं.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमचा कंत्राटदार त्याला 'दोरो' म्हणतो. बडोद्यात कुठलंही भांडण दोन भाषांत करता येतं.

तात्यासाहेबांची धाकटी सून मिताली ही माझी सख्खी बहीण. थोरल्या नलिनीवहिनी. दोघींचं चांगलं जमतं आणि पुढेही जमावं, म्हणूनच दोघींना दोन स्वयंपाकघरं हवी होती. लग्नापासून एकच ओटा. वहिनींच्या फोडणीत हिंग आधी पडतो, मितालीच्या मोहरी. यावरून त्या कधी भांडल्या नव्हत्या, पण भांडण कुठल्या डब्यात ठेवलंय ते दोघींनाही माहीत होतं.

नकाशाचं काम माझ्याकडे आलं, कारण सयाजीगंजमधल्या एका कचेरीत मी तेच करते: न बांधलेली घरं कॉम्प्युटरवर उभी करते. मधली भिंत मी बरोबर मध्यावर घातली. डावीकडे वीस फूट तीन इंच, उजवीकडे वीस फूट तीन इंच. गुरुवारी छापील प्रत घरी पाठवली. वहिनींनी ती फ्रिजवर लावली.

शनिवारी तात्यासाहेब एकटेच कचेरीत आले. "सहज," म्हणाले. रेल्वेच्या भांडारात त्यांची नोकरी झाली होती. आलेल्या मालात काय कमी भरतंय ते शोधण्यात हयात गेली होती. अशी माणसं सहज कुठे येत नाहीत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"ही भिंत हलवायची झाली तर कशी हलवतेस गं, मृदुला?"

"धरायची आणि किती हलवायची तो आकडा टाइप करायचा. हाताने ओढली तर वाटेल तिथे थांबते."

"वा!" ते म्हणाले. "भारीच!"

खाली एक गिऱ्हाईक आलं होतं, म्हणून मी गेले. परत आले तेव्हा तात्यासाहेब माझ्या खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून, कीर्तनाला बसावं तसे बसले होते.

सोमवारी सही करायला तिघं आली. दोघी सुना पडद्यासमोर आणि तात्यासाहेब मागच्या सोफ्यावर, चष्मा पुसत. मी नकाशा उघडला. वहिनी पुढे वाकल्या. तांदूळ निवडताना वाकतात, तशाच.

"मृदुला, ही अळी कसली?"

"कुठे?"

"ही काय! वीसच्या आधी. वळवळतेय बघ. आणि तिकडेही एक आहे."

दोन्ही आकड्यांच्या आधी एक बारीक नागमोडी रेघ होती.

"असतं एखादं चिन्ह," मिताली म्हणाली. "सही करून टाकू या ना."

"गुरुवारच्या कागदावर नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "मी रोज बघते तो. अगं, तांदळालासुद्धा चार दिवसांत अळी लागत नाही."

मागे चष्मा पुसणं थांबलं. "काय झालं? काही फरक आहे का?" आवाज काळजीचा होता, पण थोडा जास्तच तयार होता.

मला खोटं सांगता येत नाही; निदान आकड्यांबद्दल तरी. "त्याचं असं आहे, तात्यासाहेब, की हा प्रोग्राम खरा आकडा पोटात ठेवतो आणि आपण सांगू तेवढाच तोंडावर आणतो. गिऱ्हाइकं अपूर्णांकांना घाबरतात, म्हणून इथे पूर्ण इंचांत दाखवायचं ठरवलंय. पोटातला आकडा आणि तोंडावरचा आकडा एकच असेल तर तो नुसता आकडा दाखवतो. वेगळे असतील तर आधी ही रेघ काढतो. म्हणजे 'अंदाजे'."

"पोटात एक आणि तोंडावर एक," मिताली म्हणाली. "आपल्या घरातलाच दिसतोय."

"पण निदान तसं कबूल तरी करतो," वहिनी म्हणाल्या.

"पोटातला बघू दे," तात्यासाहेब उठून आले.

मी अचूकता वाढवली. इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत दाखव, असं सांगितलं. दोन्ही अळ्या एकदम नाहीशा झाल्या. वहिनींच्या बाजूला वीस फूट दोन इंच आणि पंधरा सोळांश. मितालीच्या बाजूला वीस फूट तीन इंच आणि एक सोळांश.

तात्यासाहेबांनी बोटांवर हिशेब केला. फार पटकन केला. "म्हणजे दोन सोळांश. म्हणजे बरोब्बर एक सूत! आणि तेही मृदुलाच्या बहिणीकडे जास्त! मी काही म्हणत नाही. पण अट ती अट. राहिलं मग. चला, घरी जाऊ."

मितालीचे डोळे भरून आले. "तात्यासाहेब, एक सूत! गवंडी प्लास्टर मारतो त्यात एवढा फरक जिरतो!"

"आणि प्लॉट मोजला तोच मुळी फितीने," मी म्हटलं. "ती मोजणी अर्ध्या इंचापलीकडे खरी धरता येत नाही. पडद्यावर अपूर्णांक वाढवले म्हणून जमीन जास्त बारीक मोजली जात नाही."

"ते तुमचं शास्त्र. अट माझी."

वहिनी हसायलाच लागल्या. "मिताली, रडतेस काय? ते सूत तुला दिलं मी. घे. दिवाळीला काही मागू नकोस."

तात्यासाहेबांचा चेहरा पडला. थोरली सून एका सुतावरून घर डोक्यावर घेईल, यावर त्यांची सगळी मांडणी होती. "असं देता येत नाही," ते पुटपुटले. "सूत म्हणजे काय साखर आहे?"

मी मात्र अजून त्या दोन आकड्यांकडे बघत होते. मला अळ्या होत्या त्याचं नवल वाटत नव्हतं. त्या गेल्या, याचं वाटत होतं.

"गंमत आहे," मी म्हटलं. "माझा हात लागून भिंत सरकली असती, तर आकडा कसाही आला असता. सोळांशांत दाखवला तरी अळी राहिली असती. आणखी बारीक केला तरी राहिली असती. ही भिंत नेमकी एक सोळांश इंच सरकली आहे. ना कमी, ना जास्त. म्हणजे अर्धं सूत. भिंत अर्धं सूत सरकली की दोन्ही बाजूंत फरक पडतो बरोबर एका सुताचा. हे हाताने होत नाही. आकडा कुणीतरी टाइप केलाय."

तात्यासाहेब पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

"मामंजी," वहिनी हळूच म्हणाल्या. एरवी त्या त्यांना तात्यासाहेबच म्हणतात.

"मला काय कॉम्प्युटर येतो?" ते म्हणाले. मग सोफ्यावर बसले आणि चष्मा पुन्हा पुसायला घेतला. "मृदुला, एक सांग. शाळेत शिकवायचे, अर्ध्यापेक्षा कमी असेल तर आकडा खाली, जास्त असेल तर वर. आणि बरोब्बर अर्धा असेल तर?"

"कशाला हवंय?" मिताली म्हणाली.

"धर, साडेतीन आहे. इकडे तीन, तिकडे चार, दोघांचीही स्वतंत्र स्वयंपाकघरं. हा बिचारा मधोमध. त्याने जेवायला कुठे जायचं?"

दोघी सुनांनी एकमेकींकडे पाहिलं. भाग सारखे हवेत म्हणून मी दोन्हीकडे 'तात्यासाहेबांची खोली' काढली होती. दोन खोल्या दिल्या की माणूस कुठलाच राहत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"शाळेतल्या नियमाने वर जातो," मी म्हटलं.

"वर म्हणजे थोरलीकडे. मग धाकटी म्हणणार, म्हातारा थोरलीचा झाला. खाली गेलो तर उलट. त्यापेक्षा एकच ओटा काय वाईट आहे?"

"पण दुसरा एक नियम आहे. नेमका अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जायचं. साडेतीन गेला तर चारकडे, म्हणजे वर. साडेचारही चारकडेच, म्हणजे खाली. कधी वर, कधी खाली. त्यामुळे एकूण बेरीज कुणा एकाच्या बाजूला झुकत नाही."

तात्यासाहेब सावरून बसले. "आणि लोकांनी विचारलं तर?"

"नियम आहे म्हणायचं."

हे त्यांना सगळ्यात जास्त आवडलं.

"मग सम तारखेला जेवायला माझ्याकडे," वहिनी म्हणाल्या.

"विषम माझ्याकडे," मिताली म्हणाली.

तात्यासाहेबांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि त्यांचे डोळे चमकले. "थांबा! एकतीस विषम, लगेच पुढची एक तारीखही विषम. लागोपाठ दोन दिवस धाकटीकडे! फरक आहे!"

"तेही सूत तिला दिलं," वहिनी म्हणाल्या. "आता सही करा."

मी भिंत एक सोळांश इंच मागे आणली. आकडा टाइप करून. मग पुन्हा पूर्ण इंचांवर आले: वीस फूट तीन, वीस फूट तीन, दोन्हीकडे स्वच्छ. वहिनींनी खात्रीसाठी पडद्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "ती अळी आपल्याला हवी तिथे काढता येते का गं?"

"येते की."

"मग दोन्ही खोल्यांना लाव."

मी लावली. डावीकडे '~तात्यासाहेबांची खोली'. उजवीकडेही तीच.

तात्यासाहेबांनी चष्मा चढवून दोन्ही पाट्या नीट वाचल्या, पेन मागितलं आणि सही केली. सहीच्या शेवटी ते नेहमी एक सरळ रेघ ओढतात. या वेळी ती वळवळली. म्हणाले, हात थरथरला.