मास्सा कमी आहे

मी कोकंदच्या एका शाळेत बावीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवतो. त्यामुळे माझ्या गाडीचे दिवे बिघडले तेव्हा दुसऱ्या कुणाकडे जाणं मला कमीपणाचं वाटलं. गाडी चिमुकली, सतरा वर्षांची. डावीकडे वळायचा दिवा लावला की पुढचे दोन्ही दिवेही त्याच्याबरोबर डोळे मिचकावायचे, हॉर्नला सर्दी व्हायची, आणि कधी कधी सगळंच एकदम बंद. मी फ्यूज बदलले, बल्ब बदलले, बायकोचं डोकं खाल्लं.

"उस्ता मामासोलीला विचारा की," बायको, रानोखान, म्हणाली. "तुम्ही गाडीला शिकवताय, पण ती काही शिकत नाहीये."

मामासोली आमच्या गल्लीतला गाड्यांचं वायरिंग करणारा कारागीर. मी फोनवर लक्षणं सांगितली. त्यानं तोंडातला घासही न गिळता निदान केलं, "मास्सा कमी आहे, मास्तर. मास्सा नीट द्या, दिवे लागतील."

आता आमच्या भाषेत मास्सा म्हणजे वस्तुमान. दर सप्टेंबरात मी तोच शब्द फळ्यावर लिहितो. दुसरा कुणी असता तर त्यानं पुन्हा विचारलं असतं, पण मी कशाला विचारतोय? मी सिद्धांत मांडला. गाडी हलकी, म्हणून थरथरते. थरथरते, म्हणून तारा सैल होतात. वजन वाढवलं की प्रश्न मिटला. डिकीत चाळीस किलो खरबुजं भरली, झाकण धाडकन आपटलं, आणि दिवे चक्क लागले. मग बायकोला आणि मुलीला, मोहीदिलला, अंगणात उभं करून मी पाऊण तास ते समजावून सांगितलं. मोहीदिलनं मध्ये एकदा तोंड उघडलं होतं, पण मी तेव्हा गुरुत्वाकर्षणापाशी पोचलो होतो.

मागचा भाग दबल्यामुळे दिव्यांचा उजेड शेजाऱ्याच्या तुतीच्या शेंड्यावर पडत होता, ही बाब मी किरकोळ मानली.

तीन दिवसांनी मोहीदिलचा प्रवेशअर्ज द्यायला आम्ही दोघं, मी आणि ती, ताश्कंदला निघालो. तेव्हा अर्ज स्वतः नेऊन द्यावा लागे, तोही एकाच संस्थेत. तो शेवटचा दिवस होता. सहाला खिडकी बंद झाली की मुलीचं वर्ष वाया. तिनं अध्यापन संस्थेत जायचं आणि माझ्यासारखं शिक्षक व्हायचं, हे मी दोन वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. रानोखान टॅक्सीनं जा म्हणत होती. घरात शास्त्रज्ञ असताना टॅक्सी कशाला, असं मी तिला ऐकवलं.

कामचिक घाटात, बोगद्याच्या अगदी तोंडाशी, दिवे गेले. पहाऱ्यावरच्या शिपायानं गाडी बाजूला घ्यायला लावली.

"दिव्यांशिवाय आत सोडता येत नाही, काका."

"मास्सा कमी पडला असेल," मी म्हणालो. "इथे कुठे कलिंगडं मिळतील का? पाच-सहा टाकली की झालं."

त्याला कळेना. मी सगळा सिद्धांत सांगितला. त्यानं माझ्या पिकल्या केसांकडे बघून तो ऐकून घेतला आणि जोडीदाराला हाक मारली, "अरे, इकडे ये. काका पुन्हा सांगतील." आणि मी खरंच पुन्हा सांगितला.

"काका," जोडीदार डोळे पुसत म्हणाला, "मास्सा म्हणजे बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला जाते ती तार. ती नीट टेकली नाही की असंच होतं. आमच्या आजीलाही माहीत आहे."

तीन वाजले होते. मी तिथेच उभा, कान लाल. मागे बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मोहीदिलनं आपल्या पिशवीतून पाना काढला, बोल्ट सैल केला, नखं घासायच्या कानशीनं गंज खरवडला आणि बोल्ट पुन्हा आवळला. दिवे लागले. जेमतेम दहा मिनिटं गेली असतील. शिपायांनी दोन खरबुजं ठेवून घेतली. गाडी हलकी होईल म्हणून घाबरू नका, असंही सांगितलं.

बोगद्यात मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो. उस्ता फोनवर बोलले तेव्हाच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही समजावून सांगत होतात, बाबा."

मला फार लाज वाटली. माझ्या वर्गात कुणाला शंका म्हणून येत नाही, हे मी बावीस वर्षं अभिमानानं सांगत आलोय.

थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "आणखी एक आहे. फायलीतला अर्ज अध्यापनाचा नाही. वीज अभियांत्रिकीचा आहे."

माझं उत्तर तयार होतं. मुली, तारा, खांब, लोक काय म्हणतील, सगळं उदाहरणांसह. मी तोंड उघडलं आणि तिच्याकडे पाहिलं. फाईल मांडीवर होती, आणि तिला डाग लागू नये म्हणून पोरीनं काळे झालेले दोन्ही हात वर धरले होते.

"ती संस्था कुठे आहे, मला माहीत नाही," मी म्हणालो. "सहाच्या आत पोचायचं तर कसं जायचं?"

तिनं सगळा रस्ता सांगितला. मी मध्ये फक्त दोनदा बोललो.