डोळे नसलेल्या भुताला मिरची

खापरखेड्याच्या कॉलनीतल्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मोक्षनाथ महाराज मेलेल्या माणसांना परत बोलावत होते आणि आज पाळी होती पंचफुलाबाईंच्या नवऱ्याची, नानाजींची.

नानाजी गेले तेव्हा त्यांचे डोळे दान केले होते. आता लेकीच्या, मिनलच्या, दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. ती डायलिसिसवर तगून होती, आज आईशेजारीच बसली होती. पंचफुलाबाई आपली एक किडनी द्यायला एका पायावर तयार होत्या. पण महाराजांनी बजावलं होतं, आधी नवऱ्याला विचार.

"ये गा, नानाजी!" महाराज गरजले.

पडद्याआडून शिष्य धर्मेंद्र निघाला. अंगात नानाजी, डोळे पांढरेफट्ट! भूत चाचपडत खांबावर आदळलं, चुकून महाराजांच्या मांडीवर बसलं आणि माफी मागून उठलं.

"पंचफुले, माहे डोळे काहून देले वं? वरती मले कोनी रांगेत उभं नाही करून राहिलं!"

पंचफुलाबाईंना रडू कोसळलं.

"पाहा!" महाराज म्हणाले. "जे देसान, ते पुढच्या जन्मी नसन! पोरीले दवाखान्यात नेऊ नका. हे भस्म चाटवा, किडनीले कोंब फुटतीन."

जशी काही किडनी म्हणजे मटकीच! तरी लोकांनी टाळ्या पिटल्या.

पंचफुलाबाईंना मात्र भलतीच काळजी लागली. एवढ्या माणसांत आलेत, यांना दृष्ट लागेल. नानाजींना आवडायच्या म्हणून पदराला बांधून आणलेल्या भिवापुरी मिरच्या त्यांनी भुतावरून उतरवल्या आणि समोरच्या धुपाटण्यात टाकल्या.

अख्खं मैदान खोकायला लागलं.

"अरे बाप रे! डोळे गेले माहे!" भुतानं डोळे चोळले. एक पांढरी चकती गालावर ओघळली, दुसरी महाराजांच्या दाढीत अडकली. भूत गर्दीतून वाट काढत थेट नळावर पोचलं.

शेजारची दीक्षा शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं दाढीतली चकती उचलली.

"काकू, डोळेच नाही, तं झोंबलं कुठं? हे नाटकातली लेन्स आहे. मधात भोक असते, त्यातून याले सारं दिसून राहिलं होतं. नानाजीच्या डोळ्यानं तं कोनीतरी आज जग पाहून राहिलं असन."

"शाप लागन!" महाराज खोकत ओरडले. "पुढच्या जन्मी एकच किडनी भेटन!"

पंचफुलाबाईंनी मिनलचा हात धरला. "भेटू दे. मले लेक ह्या जन्मी पाहिजे. चाल वं मिनल, डायलिसिसले जाऊ. डॉक्टरले सांगू, मले आजच तपासा म्हनून."

मिनलला निदान आई होती. कित्येकांना द्यायला घरात कुणीच नसतं. ते अनोळखी माणसाच्या दानाची वाट पाहत झुरतात, आणि आपण चांगले अवयव सरणावर ठेवतो. पुढचा जन्म कुणी पाहिलेला नाही. ही माणसं मात्र दिसतात, तेव्हा अवयवदानाचं घरात आजच बोलून ठेवा.