बावन्न किलोंची आई

माझ्या दादानं आईला एका दमात खाटेवरून उचललं, आणि ताई हरली.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. अजून कुणी कुणाला उचललेलं नाही. दादा आत्ता आईच्या खाटेशेजारी कोपरांवर पालथा पडला आहे. शरीर फळीसारखं सरळ आहे असा त्याचा दावा आहे, आणि फळीचा मधला भाग सतरंजीला टेकला आहे.

"पोट उचल," आई म्हणाली.

"उचललंय."

"मग हे खाली कोण आलंय?"

दादाकडे उत्तरापुरता श्वास नव्हता. आईनं गळ्यातली शिट्टी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात धरून वाजवली. डावा कोपरा वर्षभरापूर्वी अर्धांगवायूनं नेला होता, डाव्या हातापायासकट. त्याआधी तीस वर्षं ती मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. निवृत्त होताना शाळेनं तिला घड्याळ दिलं. शिट्टी तिनं न विचारता आणली.

दादाची फळी बारा सेकंद टिकली होती. आईच्या मते अकरा.

दादा वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानादुकानांतले काटे तपासायचे आणि बरोबर निघाले की शिक्का मारायचा, हे त्याचं काम. "काट्यावर विश्वास ठेवायचा नसतो, शिक्क्याच्या तारखेवर ठेवायचा," असं तो सांगतो. दर वर्षी फेरतपासणी. ती चुकवणाऱ्या दुकानदाराला तो चोरापेक्षा खालचा समजतो, कारण चोराला निदान आपण काय करतोय ते माहीत असतं. त्याचं स्वतःचं वजन तेव्हा एक्क्याण्णव होतं, आणि ते अचूक होतं.

तर झालं होतं असं. आईला खाटेवरून खुर्चीत बसवायचं काम दादाचं. एका सकाळी ती अर्ध्या वाटेत असताना त्याच्या कमरेत उसण भरली. आई खुर्चीत आदळली, दादा तिच्या पायांशी कोसळला. मी धावत आलो तेव्हा दोघं तशीच होती. आई म्हणाली, "ये, तूही पड."

तेव्हापासून उचलायचं काम माझ्याकडे आलं. पण पाच महिन्यांनी मला परगावी नोकरीवर रुजू व्हायचं होतं. हे कळल्यावर ताई सासरहून आली आणि चपला न काढताच सुरू झाली.

"धाकटा गेल्यावर आईला कोण उचलणार? हा? ह्याला बुटाची नाडी बांधायची तर अर्धा दिवस रजा टाकावी लागते. ती वृद्धांची संस्था चांगली आहे, मी बघून आलेय. खिडकीतून बाग दिसते."

"मला बाग नको," आई म्हणाली. "इथून जिना दिसतो तो बरा. कोण कधी आलं ते कळतं."

ताई वाईट नाही. तिनंच डोळे पुसत मुदत दिली. मी निघायच्या आदल्या रविवारी ती येणार. तिच्यासमोर दादानं आईला एकट्यानं, न कण्हता खुर्चीत बसवायचं. नाही जमलं तर सोमवारी संस्था.

"न कण्हता कशाला?" दादानं विचारलं. "कण्हण्यानं कुणाचं काय जातं?"

"कण्हलास की आई घाबरते."

"मी नाही घाबरत," आई म्हणाली. "मला हसू येतं."

दादानं आधी सगळे करतात तेच केलं. पाठीवर झोपायचं, उठायचं, पुन्हा झोपायचं, असं रोज दोनशे वेळा. दोन आठवड्यांत पोट होतं तिथंच राहिलं, मान मात्र आखडली. आईचे हातपाय हलवून घ्यायला फिजिओ यायची, तिनं हे पाहिलं.

"काका, पोटाला छळून पोट जात नाही. चरबी आधी कुठून उतरवायची ते शरीर ठरवतं, तुम्ही नाही."

"मग तक्रार कुठं करायची?"

तिनं नवा कार्यक्रम दिला. रोज पाऊण तास भरभर चालायचं, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगानं. (दादाला बसूनही गाता येत नाही, त्यामुळे वेग ठरवणं अवघड गेलं.) गोड बंद, अंडी चालू, झोप पुरेशी. एक दिवस आड फळी, पाठीवर पडून कंबर उचलणं, आणि हातापायांवर ओणवं होऊन उजवा हात व डावा पाय एकदम लांब करणं. "दोनशे वेळा वेडंवाकडं करण्यापेक्षा दहा वेळा सावकाश करा. आणि उचलताना कमरेत नाही, गुडघ्यांत वाकायचं. पोट आवळायचं, श्वास सोडत उठायचं, ओझं अंगाजवळ."

"ओझं कुणाला म्हणालीस?" आई म्हणाली.

"तुम्हाला नाही हो, आजी."

"मग खोलीत अजून कोण आहे?"

दादानं तिचं सगळं ऐकलं आणि वर स्वतःची भर घातली. दवाखान्यातून आईला घरी सोडलं तेव्हाच्या कागदावर लिहिलं होतं, वजन बावन्न किलो. कचेरीच्या गोदामात खात्याची लोखंडी वजनं असतात. कमरेनं परवानगी दिल्यावर दादानं वीसची दोन, दहाचं एक आणि दोनचं एक अशी पोत्यात भरली. दुपारच्या सुट्टीत ते पोतं टेबलावरून उचलून खुर्चीत ठेवायचं, पुन्हा टेबलावर. साहेब एकदा आत डोकावले.

"काय चाललंय?"

"आईला खुर्चीत बसवतोय."

साहेबांनी हलकेच दार लावून घेतलं.

महिने गेले. फळी चाळीस सेकंदांवर गेली, मग दीड मिनिटावर. गल्लीत गाडी मागं घेणारा एक गृहस्थ आईच्या शिट्टीवर थांबला आणि पुढची शिट्टी होईपर्यंत रस्ता अडवून उभा राहिला. दादाच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पडली. तो वाकून स्वतःच्या बुटाची नाडी बांधायला लागला, आणि सवयीनं माझीही.

मीही मागं नव्हतो. काहीही न करता माझी ताकद वाढत होती. सुरुवातीला आईला उचलताना माझे दात आवळले जायचे. चौथ्या महिन्यात मी तिला उचलता उचलता शीळ घालायचो. तरुण रक्त, मी मनात म्हणायचो. शिवाय खाणंही चांगलं होतं. आई रोज अर्धी थाळी पुढं सरकवायची, "मला पुरे, तू संपव." आईचा शब्द मी मोडत नाही. तिला हल्ली थंडी फार वाजायची, अंगात दोन-दोन स्वेटर. आम्हाला वाटलं, हवामानच बदललंय.

"आजी बारीक झाल्यात हो," फिजिओ एकदा मला म्हणाली. "वजन करा एकदा."

"वजनाचं खातं दादाकडे आहे," मी म्हणालो. "सांगतो त्याला."

विसरलो.

रविवारी ताई आली. या वेळी चपला काढून, हात जोडून कोपऱ्यात उभी राहिली. ती हरण्यासाठी देवाला साकडं घालत होती हे मला तेव्हाच दिसलं. आईनं शिट्टी तोंडात धरली. दादानं गुडघे वाकवले, पोट आवळलं, आईला अंगाशी घेतलं, श्वास सोडला आणि उठला.

बावन्न किलोंना लावलेला जोर निम्म्यात मोकळा पडला. भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसा तो मागं झोकांडला आणि भिंतीला टेकला. आई त्याच्या हातांवर, छातीपेक्षाही वर. तिनं जोरात शिट्टी फुंकली.

"जमलं रे!" ताई रडायलाच लागली. "हरले बाई मी! राहू दे आईला इथंच!"

दादा ऐकत नव्हता. दुकानात संशय आला की तो वजन तळहातावर खाली-वर करून बघतो, तसं त्यानं आईला अलगद खाली-वर केलं. मग तिला घेऊन तसाच घरातल्या काट्यावर चढला. काटा त्यानंच तपासून शिक्का मारलेला. एकशे तेवीस. आईला खुर्चीत बसवून पुन्हा एकटा चढला. ब्याऐंशी.

आई, दोन स्वेटरांसकट, एक्केचाळीस.

"आई," दादा म्हणाला, "अकरा किलो कुठं गेले?"

"तू एकटा किती उचलणार? थोडे मी परस्पर खाली ठेवले."

"जेवत नव्हतीस?"

"जेवत होते की. अर्धं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "वाया काही गेलं नाही."

मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी काट्यावर उभा राहिलो. चार किलो जास्त.

"असं कुणी करतं का?" ताई म्हणाली. "संस्थेत जायचं नव्हतं तर तसं म्हणायचंस."

"म्हटलं होतं की. बाग नको म्हटलं होतं."

दादानं थाळी वाढून आणली आणि तिच्यापुढं बसला. आईनं अर्धी संपवली. मग खरंच प्रयत्न करून अजून दोन घास खाल्ले आणि मान हलवली. "आता पोटच तेवढं मागतं रे." फोनवर डॉक्टर म्हणाले, या वयात गेलेलं वजन लवकर येत नाही, काही येतच नाही, पण खायला घालत राहा.

संध्याकाळी दादा टेबलाशी बसला आणि खात्याचा छापील अर्ज भरायला घेतला. कुठलाही कागद तो लिहितो तसाच, सुवाच्य अक्षरात.

*प्रति, मुख्य नियंत्रक, वजनमापे. विषय: वजनातील तफावतीबाबत.*

*महोदय, अर्जदाराच्या घरी असलेल्या एका व्यक्तीच्या वजनात, मूळ नोंद बावन्न किलो असताना, अकरा किलोंची घट आढळली आहे. वर्षभरात फेरतपासणी न करण्याची कसूर सर्वस्वी अर्जदाराची असून ती त्यास मान्य आहे. घटीपैकी चार किलो धाकट्या भावाकडे मिळून आले; तो उद्या परगावी जात असल्याने जप्ती आजच व्हावी. उर्वरित सात किलोंचा शोध आपल्या स्तरावर घेण्यात यावा. बदल्यात अर्जदार स्वतःचे उतरलेले नऊ किलो परत घेण्यास तयार आहे.*

*अर्जदाराची बावन्न किलो उचलण्याची पूर्ण तयारी झालेली आहे. तरी सदर व्यक्ती मूळ वजनात परत मिळावी, ही नम्र विनंती.*