नाकपुडीची साक्ष

पेन्शनच्या ऑफिसातून आलेलं ते पत्र मी शब्दकोशात घालून ठेवलं होतं. ते तिथे आहे हे ठाऊक असल्यामुळे पुढे शब्दकोश उघडणंच बंद केलं. पत्र हिंदीत होतं, मोजून चार ओळींचं. वृद्धावस्था पेन्शनचे अर्जदार रत्नपाल आणि मिलच्या जुन्या पासावरचा नथू ही एकच व्यक्ती आहे, हे आपणांस स्वतःच्या माहितीने ठाऊक आहे काय? लेखी कळवावे.

यात अवघड ते काय, असं कुणालाही वाटेल. मला मात्र ते अवघड गेलं. रत्नपालला मी ओळखत होतो, म्हणूनच त्याने अर्जात साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं होतं. मिलच्या कामगार वाचनालयात मी पुस्तकं द्यायचो आणि पाळी सुटली की तो कपड्यांवरचा कापूस झटकून आत यायचा. पण नथूला मी कधी भेटलोच नव्हतो. मिलमध्ये लागला तेव्हा तो नथू होता. छप्पन्न साली दीक्षा घेतली, नाव रत्नपाल केलं, आणि त्यानंतर जुन्या नावाने हाक मारणाऱ्याला त्याने ओ दिली नाही. रेशन कार्डावर रत्नपाल लागलं. मिलच्या ऑफिसाने पास तेवढा बदलून दिला नाही. पगार मिळतोय ना, मग झालं, असं म्हणाले. आता मिलला कुलूप लागलेलं, आणि त्याच्या वयाचा पुरावा त्या एका पासावर.

‘नथू मीच’ असं तो सांगायचा. पण ती त्याची माहिती झाली. माझी कुठे? मी उत्तराचे तीन मसुदे केले. पहिला सात पानांचा झाला. तिसऱ्यात ‘बहुधा’ हा शब्द आला. सरकारला बहुधा चालत नाही, एवढं मलाही कळतं.

एका सकाळी दोघं नवरा-बायको जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या माझ्या खोलीवर आली. प्रभावतीबाईंनी पाण्याचा पेला हातात घेतला आणि विचारलं, “श्रीकृष्णजी, तुमचा जवाब गेला का?”

“मसुदा चालू आहे अजून.”

“ऐकलं का?” त्या नवऱ्याकडे वळल्या. “तुमच्यावर ग्रंथ लिहितायत.”

“लिहू दे,” रत्नपाल म्हणाला. “छापून येईल तेव्हा आपल्याला भोपाळला पाठवतील एक प्रत.”

हसत म्हणाला खरा, पण त्यातलं खरं मला ठाऊक होतं. त्यांचा मुलगा ज्ञानदीप भोपाळला नोकरीत होता. चांगला मुलगा. आईबाबा, इथेच या, असं दर पत्रात लिहायचा. पेन्शन लागली तर खोलीचं भाडं सुटणार होतं. नाही लागली तर महिनाअखेर सामान बांधायचं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये जाऊन राहायचं, जिथे रत्नपालला ओळखणारं कुणी नव्हतं. आणि इथे माझ्याशी बोलायला येणारं दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून धीर करून मी सांगून टाकलं. “रत्नपालजी, तुम्ही नथू आहात हे मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं लिहायला हात धजत नाही.”

प्रभावतीबाई हसायला लागल्या. पेला खाली ठेवून, पदराने डोळे पुसून पुन्हा हसल्या. “इतकी सालं झाली, तुम्ही ह्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही का?”

खरंच नव्हतं बघितलं. मी लोकांच्या हातातल्या पुस्तकाकडे बघतो. चेहऱ्याकडे बघायचं म्हणजे बोलावं लागतं.

त्यांनी नवऱ्याची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. डाव्या नाकपुडीवर एक बारीक ठिपका होता. “ह्यांच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. तिसऱ्यांदा सासूबाईंनी पोराचं नाक टोचलं. मुलगी समजून मरण पुढच्या दाराला जाईल म्हणून. नाकात नथ घातली आणि नाव ठेवलं नथू. मिलमध्ये लागेपर्यंत नाकात वाळी होती.”

रत्नपाल ओशाळला. “ते सगळं सोडलं आपण. नाव सोडलं, वाळी सोडली. भोक कुठे सोडणार, भिया?”

तासाभरात आम्ही ऑफिसात होतो. रांग दारापर्यंत आली होती. खिडकीत शैलजाबाई बसायच्या, आपल्या मराठीच. आमची पाळी आली. सात पानं लिहिणाऱ्या माणसाला एक वाक्य बोलता येईना. शेवटी जे निघालं ते गरजेपेक्षा मोठ्याने निघालं.

“बाई, यांच्या नाकाला भोक आहे.”

सगळी रांग वळली.

शैलजाबाईंनी चष्मा वर सरकवला. “काकाजी, मला तर डाग दिसतोय. देवीचा वण असेल.”

प्रभावतीबाईंनी स्वतःच्या नाकातली चमकी काढली. “हलू नका,” नवऱ्याला म्हणाल्या. पहिल्यांदा गेली नाही. त्यांनी जीभ दातांत धरली, चमकी जरा फिरवली, आणि ती आत गेली. पांढऱ्या मिशांच्या वर तो लाल खडा लकाकायला लागला.

रत्नपाल खिडकीकडे झुकला. “शोभतेय का, बाई?”

रांग खदखदून हसली. मागचे एक फेटेवाले बाबा म्हणाले, “हमारे काका भी नथू थे, भिया. ऐसा ही छेद था.”

“अर्ध्या माळव्यात नथू आहेत, मला काय माहीत नाही?” हसू आवरत शैलजाबाई म्हणाल्या. “पुरुषाचं नाक टोचलंय म्हणजे नथूच. पण मी मानून काय उपयोग? साहेबांना कागद पाहिजे.”

“आत्ता लिहून देतो,” मी म्हणालो.

“हातात नाही घेणार. पत्र डाकेने गेलं, तर जवाब डाकेनेच येईल, आवक रजिस्टरमध्ये चढेल. आला की फाइल मीच साहेबांपुढे ठेवते. आणि काकाजी, दोन ओळी बस. तुमच्याकडे बघून वाटतं, तुम्ही लांब लिहिता.”

“सात पानं,” प्रभावतीबाई म्हणाल्या.

कृष्णपुऱ्याकडच्या पोस्टापर्यंत चालत गेलो. चमकी निघत नव्हती. घरी तेल लावून काढू, असं ठरलं. बाजारात लोक वळून बघत होते आणि रत्नपाल प्रत्येकाला हात करत होता. नव्या थंड पेयाची पाटी रंगवणाऱ्या एकाने ब्रश थांबवून विचारलं, “काकाजी, शादी है क्या?” तर हा म्हणाला, “नहीं भिया, पेन्शन है.” वाळीची लाज वाटणारा सकाळचा माणूस कुठे गेला कोण जाणे.

पोस्टात मी मुद्दाम साधं कार्ड घेतलं, कारण त्यावर जागा कमी. हिंदीत लिहिलं: ‘जी हां. मैंने अपनी आंखों से देखा है. नथू और रत्नपाल एक ही हैं.’ खाली सही केली. मग वाटलं, ‘देखा है’च्या पुढे थोडा खुलासा हवा, ही प्रथा कशी पडली वगैरे. पेन पुन्हा टेकवलं.

प्रभावतीबाईंनी कार्ड माझ्या हाताखालून ओढून घेतलं, शाईवर फुंकर मारली आणि परत माझ्या हातात दिलं. “आता टाका.”

मी पहिल्यांदाच रत्नपालच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग हात पेटीत मनगटापर्यंत घालून कार्ड सोडलं.